फळी घरची, ट्रक बाजारचे

घरी स्केटबोर्ड बनवण्याबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे प्रत्येक उत्तरात ती उगाळायला नको. घरी बनवायची ती फळी. तिच्याखालचे धातूचे ट्रक (ज्यांवर चाकं बसतात ते वळणारे सांगाडे), चाकं आणि बेअरिंग विकतच आणायचे. ट्रक घरी ओतता येत नाही आणि वेल्डिंग करून जुळवलेला ट्रक कधी दगा देईल याचा नेम नसतो. फळीचं काम मात्र अगदी घरचं आहे. एक जिगसॉ, एक ड्रिल, एक कानस आणि दोन रविवार एवढं भांडवल पुरतं.

प्रश्न : घरच्या फर्निचरच्या कामातून १२ एमएम प्लायचा तुकडा उरला आहे. त्याचा बोर्ड होईल का? – वाचक, सातारा

प्लाय कुठला, यावर आहे. तुकड्याची कड उजेडात धरून बघा. थरांच्या मध्ये काळी पोकळी दिसत असेल, किंवा मधला थर एकमेकांवर चढलेला असेल, तर तो तुकडा कपाटाच्या पाठीलाच ठीक. अशी पोकळी नेमकी बोल्टच्या भोकाखाली आली, तर नट आवळताना फळी चेपत जाते आणि नट पुन्हा पुन्हा सैल होतो. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का असेल, म्हणजे मरीन प्लाय असेल, तर उत्तम. आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, प्रकारही चालेल. एमआर, म्हणजे ज्याला दुकानदार ‘कमर्शियल’ म्हणतात, तो पहिल्या पावसात फुगेल.

दुसरी गोष्ट रेषांची दिशा. प्लायच्या वरच्या थराच्या रेषा बोर्डाच्या लांबीत गेल्या पाहिजेत. आठ बाय चारच्या शीटमध्ये त्या बहुधा आठ फुटांच्या बाजूला असतात, पण उरलेल्या तुकड्यात ते डोळ्यांनी बघूनच ठरवावं लागतं. रेषा आडव्या गेल्या, तर तीच फळी त्याच वजनाखाली दुप्पट ते अडीचपट झुकते. इथेच सर्वांत जास्त घोळ होतो, कारण तुकडा ज्या बाजूने लांब असेल त्या बाजूने बोर्ड आखण्याचा मोह आवरत नाही.

कापण्याआधी परीक्षा घ्या. दोन विटा ४५ सेंमी अंतरावर ठेवा, त्यांवर फळी टाका आणि मध्ये उभे राहा. सत्तर किलोच्या माणसाखाली अर्धा-पाऊण सेंमी झुकली तर बिनधास्त कापा. सव्वा सेंमीपर्यंत गेली, किंवा कुरकुर ऐकू आली, तर १५ एमएमचा तुकडा शोधा.

माप : लांबी ७५ सेंमी, रुंदी २०–२१ सेंमी, दोन्ही टोकं गोल, फळी सपाट. आकार प्लायवर थेट काढू नका. वर्तमानपत्राला लांबीत घडी घालून अर्धाच आकार काढा, कापा आणि उलगडा. दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, त्यामुळे वरच्या बाजूला कपच्या उडतात. म्हणून ज्या बाजूवर पुढे ग्रिप, म्हणजे पाय घसरू न देणारी खरखरीत टेप, चिकटणार आहे तीच बाजू वर ठेवा, आखलेल्या रेषेवर मास्किंग टेप लावा आणि रेषेच्या दोनेक मिमी बाहेरून कापा. उरलेलं कानशीने रेषेपर्यंत आणायचं. मग ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर याच क्रमाने. कड टोकदार ठेवू नका. ती पेन्सिलीच्या जाडीएवढी गोल झाली पाहिजे. टोकदार कड फुटपाथला घासली की थर सुटायला तिथूनच सुरुवात होते.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. ट्रकसाठी पैसे नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात टेबलाला लावायची फिरती चाकं मिळतात, ती लावली तर? – सांगली

नको. दोन कारणं आहेत, ती समजून घे. ती चाकं आपल्याच भोवती फिरतात, त्यामुळे तू डावीकडे झुकलास तरी बोर्ड कुठेही जाईल. ट्रकमध्ये तसं होत नाही. त्यातला अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचा आडवा दांडा, रबरासारख्या दोन कड्यांमध्ये, म्हणजे बुशिंगमध्ये, तिरका बसवलेला असतो. तू ज्या बाजूला झुकशील त्या बाजूला पुढचा अ‍ॅक्सल वळतो आणि मागचा उलट वळतो. बोर्ड वळतो तो असा.

दुसरं कारण चाकाच्या पदार्थाचं. टेबलाचं चाक कडक प्लास्टिकचं असतं. वाटाण्याएवढा खडा आडवा आला की ते अडकतं. बोर्ड थांबतो, तू थांबत नाहीस. अमेरिकेत १९६० च्या दशकात बोर्डांना मातीच्या मिश्रणाची कडक चाकं असायची आणि त्यांचं अगदी असंच व्हायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाकं आणली, ती खड्यावरून दबून पुढे जातात. मोडीत गेलेला खेळ तिथून परत उभा राहिला.

तुला स्वस्तात करायचं असेल तर कुणाचा तरी मोडलेला बोर्ड शोध. फळी तुटते, ट्रक सहसा तुटत नाहीत. जुने ट्रक घेताना अ‍ॅक्सल सरळ आहे ना, आणि त्याच्या टोकाच्या आट्यांवर नट हाताने फिरतो ना, एवढं बघ. खेळण्यांच्या दुकानातल्या स्वस्त बोर्डांचे ट्रक प्लास्टिकचे असू शकतात. त्यांच्या नादी लागू नकोस. चुंबक लावून फसू नकोस मात्र: चांगल्या ट्रकचं अंगही अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक चिकटत नाही. अ‍ॅक्सल पोलादाचा असतो.

प्रश्न : चांगले बोर्ड मेपलचे असतात असं वाचलं. आमच्याकडे जुन्या घराची सागवानी फळी आहे. मेपलऐवजी सागवान का नको? – वाचक, चिपळूण

सागवान लाकूड म्हणून कमी नाही, पण इथे प्रश्न एकसंध फळीचा आहे. एकाच लाकडाची फळी रेषांच्या दिशेने उभी चिरते. बोल्टची भोकं दोन-दोनच्या ओळीत असतात, आणि चीर तिथूनच निघते. बाजारचा बोर्ड मेपलच्या सात पातळ थरांचा असतो. प्रत्येक थर साधारण दीड मिमी, मिळून दहा-अकरा मिमी. त्यातले पाच थर लांबीत आणि दोन आडवे. ते दोन आडवे थर फळीला चिरू देत नाहीत. मेपल घेतात तो कठीण असतो, दणका सोसतो आणि डिंकही चांगला धरतो म्हणून.

सागवानाचे पातळ थर काढून चिकटवणार असाल, तर त्यातलं तेल आडवं येतं. चिकटवण्याच्या अगदी आधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर सांधा वर्षभरात सुटेल. खरं सांगायचं तर जुन्या घराच्या सागवानाचा पाट करा, पोळपाट करा. बोर्डासाठी ते वाया घालवू नका.

प्रश्न : सपाट फळीवर पाय घसरतो. रुंदीत खोलगट बाक कसा आणायचा? साचा करावा लागेल का? – वाचक, पुणे

साचा लागतो, पण फार साधा. १२ एमएमचा एक तुकडा न घेता ४ एमएम प्लायचे तीन तुकडे घ्या, प्रत्येक ८५ बाय २५ सेंमी. तिन्हींच्या वरच्या रेषा लांबीत. ‘फ्लेक्सी प्लाय’ म्हणून मिळतो तो घेऊ नका. तो वाकतो छान, पण वाकलेला राहण्याची ताकद त्यात नसते.

खाली १८ एमएमचा सपाट पाट ठेवा. त्यावर लांबीच्या दोन्ही बाजूंना ८ मिमी जाडीच्या पट्ट्या ठोका, आतल्या कडांमध्ये २१ सेंमी अंतर. तिन्ही प्लाय या पट्ट्यांवर टेकतील आणि मधला भाग अधांतरी राहील. वरून मधोमध लांबीत ५ सेंमी रुंदीची एक पट्टी ठेवायची आणि ती खाली दाबायची. मध्य पाटाला टेकला की कडा वर राहतात, आणि बाक तयार. पाटावर आणि पट्टीखाली प्लास्टिकचा कागद घालायला विसरू नका, नाहीतर साचाच बोर्डाला चिकटेल.

दाबायला सुताराचा शिकंजा इथे कामाचा नाही. त्याचा जबडा कडेपासून मध्यापर्यंत पोचत नाही. त्यापेक्षा दोन बाय दोन इंची लाकडाचे ३५ सेंमी लांबीचे बारा तुकडे घ्या, सहा वर, सहा खाली. प्रत्येक जोडीच्या दोन्ही टोकांना भोकं पाडून १० एमएमचे आट्यांचे रॉड घाला आणि नट आवळा. सहा जोड्या, बारा रॉड. मधल्या जोड्या आधी आवळायच्या, मग टोकांकडे जायचं. उलट केलं तर जास्तीचा डिंक मध्ये कोंडतो आणि तिथे गाठ राहते.

डिंक : फेविकॉल मरीन किंवा त्याच प्रकारचा पाणी सोसणारा. दोन सांध्यांना मिळून शंभर ग्रॅम पुरतो. प्लास्टिकच्या पट्टीने पातळ आणि सगळीकडे सारखा पसरवा. आवळल्यावर कडेने बारीक मण्यांची माळ बाहेर आली म्हणजे प्रमाण बरोबर. धारा लागल्या तर जास्त झाला, काहीच आलं नाही तर सांधा कोरडा. सनमायका चिकटवायचा पिवळा रबरी डिंक इथे मुळीच नको. तो सुकल्यावरही लवचीक राहतो, थर एकमेकांवर सरकतात आणि बाक महिन्याभरात सपाट होतो.

चोवीस तास उघडायचं नाही, पावसाळ्यात छत्तीस. उघडल्यावर बाक थोडा मागे येतो. तीन थरांच्या फळीत साधारण नवव्या हिश्शाने, म्हणजे ८ मिमीचा सातच्या आसपास. पायाला सात मिमी छान जाणवतो. दहाच्या पुढे गेलात तर ट्रकचा सपाट तळ बाकावर नीट टेकत नाही आणि बोल्ट आवळताना फळी तडकते.

ज्यांना याहून पुढे जायचं आहे त्यांनी व्हॅक्यूम पिशवीचा मार्ग बघावा. पिशवीतली हवा काढली की वातावरणाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास एक किलो पडतो. ८० बाय २२ सेंमीच्या फळीवर तो दीड टनाच्या पुढे जातो, आणि तोही सगळीकडे सारखा. रॉड आवळून एवढा सारखेपणा येत नाही.

प्रश्न : याच पद्धतीने मागची शेपटी वर वळवता येईल? – तोच वाचक

नाही. शेपटीचं वळण फार आखूड असतं, तिथे ४ एमएमचा प्लाय वरच्या थराला तडकतो. त्यासाठीच दीड मिमीचे थर लागतात. प्लायला खालून खाचा मारून वाकवायचा जुगाड काही जण करतात. त्या खाचेवरच पाय आपटायचा असतो, हे ध्यानात घ्या.

प्रश्न : बोर्ड तयार झाला, पण सोडला की सतत डावीकडे जातो. नट आवळून पाहिले, फरक नाही. – वाचक, नाशिक

आधी बोर्ड उलटा करा आणि दोन्ही ट्रकचे मोठे मधले बोल्ट, म्हणजे किंगपिन, एकमेकांकडे तोंड करून आहेत का बघा. नेहमीच्या ट्रकला ते आतल्या बाजूला हवेत. एक उलटा बसला असेल तर वळणच बिघडतं. तसं नसेल, तर दोष भोकांच्या आखणीत आहे.

एक ट्रक ५४ मिमीत फक्त १ मिमी तिरका बसला, तर साधारण एक अंशाचा फरक पडतो. तेवढ्यानेही दहा मीटरच्या सरळ वाटेत बोर्ड दीड-पावणेदोन मीटर बाजूला जातो. किंगपिन कितीही आवळा, हा दोष जात नाही.

आखणी अशी : प्रत्येक ट्रकला चार भोकं, रुंदीत ४१.३ मिमी, लांबीत ५४ मिमी. (काही जुन्या ट्रकना लांबीत ६३.५ असतात, आधी मोजा.) फळीच्या मधोमध लांबीत एकच रेषा काढा आणि दोन्ही ट्रकची मापं त्याच रेषेपासून घ्या, कडेपासून कधीही नाही, कारण कड हाताने घासलेली असते. चौकट काढल्यावर दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ६८ मिमी आले तरच चौकट काटकोनी. ७५ सेंमीच्या फळीला आतल्या भोकांमध्ये ४५ सेंमी अंतर ठेवलं की दोन्ही टोकांना साडेनऊ सेंमी उरतात. त्याहून जास्त टोक मोकळं ठेवलं तर त्यावर पाय पडताच बोर्ड उचलला जातो.

भोक पाडण्याआधी दाभणाने खूण खोल करा, ड्रिलचं टोक तिथून सरकत नाही. ५ मिमीचं बिट, खाली टाकाऊ लाकूड. आणि शक्य तर आकार कापण्याआधीच भोकं पाडा. मग चौकट चुकली तर रेषा हलवून पुन्हा आखता येते.

तुमच्या बोर्डाची दुरुस्ती : चुकलेली चार भोकं ५ मिमीच्या लाकडी दांडीला डिंक लावून बुजवा, एक दिवस थांबा आणि नव्या भोकांची चौकट लांबीत निदान एक सेंमी सरकवा. अर्धं जुन्यात, अर्धं नव्यात असं भोक पाडलं तर ड्रिल जुन्याकडेच ओढलं जाईल.

प्रश्न : बोल्ट किती लांबीचे घ्यावेत? दुकानदार विचारतो आणि आम्ही गप्प. – वाचक, कोल्हापूर

१२ मिमीच्या फळीला एम-५ चे, चपट्या डोक्याचे, ३० मिमी लांबीचे. फळी आणि ट्रकच्या मध्ये ३ मिमीचं रबर घालणार असाल तर ३५. एकूण आठ, आणि नट नायलॉनवाले. साध्या नटाला वॉशर घालून काम भागेल असं वाटतं, पण हादऱ्याने तो दुसऱ्या दिवशी सुटतो.

प्रश्न : आमच्या कॉलनीतला रस्ता खडबडीत आहे. कुठली चाकं? मोठी चाकं लावली तर वळताना फळीला घासतात. – वाचक, छत्रपती संभाजीनगर

डांबरी रस्त्याला ५८ ते ६२ मिमीची मऊ चाकं, कडकपणा ७८ए च्या आसपास. ५२–५४ मिमीची ९९ए ची कडक चाकं गुळगुळीत काँक्रीटची आहेत. खडबडीत रस्त्यावर त्यांनी दातांपर्यंत हादरे जातात.

मोठं चाक घासतं ते वळताना. चाक फळीला टेकून जागीच थांबतं आणि स्वार पुढे फेकला जातो, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका. ५६–५८ च्या चाकाला फळी आणि ट्रकमध्ये एक सूत, म्हणजे ३ मिमीचं कडक रबर घाला. साठच्या पुढे दोन सूत, आणि त्याप्रमाणे बोल्ट लांब. मऊ रबर घालू नका, ते दबत राहतं आणि बोल्ट सैल होतात. रबर घालूनही फळीखाली काळा डाग दिसला, तर तेवढीच जागा खालून गोल कानशीने दोन मिमी खोल करा. त्याहून खोल नाही.

प्रश्न : बेअरिंग वाजतात. खोबरेल तेल घातलं, चार दिवस बरं वाटलं, आता आणखी वाजतात. – वाचक, नागपूर

खोबरेल तेल थंडीत गोठतं, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. गोठलं नाही तरी चिकट होऊन धूळ धरतं.

बेअरिंग ‘६०८’ नावाने मागा : आत ८ मिमी, बाहेर २२, रुंदी ७. चार चाकांना आठ. असलेली वाचवायची असतील तर रबरी झाकण सुईच्या टोकाने उचला, बेअरिंग डिझेलमध्ये फिरवत धुवा, कपड्यावर पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका. दोन टाकलेत तर दुसरा धुळीसाठी. धातूचं झाकण न निघणारं असेल तर धुण्याच्या फंदात न पडता नवं घ्या.

चाकात बसवताना हातोडी मारू नका. गोळ्या ज्या खाचेत फिरतात तिथे चेप पडते, आणि कितीही तेल घाला, खरखर जात नाही. बेअरिंग ट्रकच्या अ‍ॅक्सलवर ठेवा, वरून चाक दोन्ही हातांनी दाबा. ते टक् असा आवाज करून बसतं. मग चाक उलटून आत १० मिमी लांबीची नळी घाला आणि दुसरं बेअरिंग तसंच दाबा. ही नळी बहुतेक जण गाळतात. ती नसली की नट आवळल्यावर दोन्ही बेअरिंग आतून तिरकी होतात. नट घट्ट करून मग थोडा मागे फिरवा: चाक बाजूला अगदी किंचित हललं पाहिजे.

प्रश्न : ग्रिप टेप आमच्या गावात मिळत नाही. जिन्याला लावतात ती खरखरीत टेप चालेल? – वाचक, बार्शी

चालेल. ती दोन इंची असते, आडव्या पट्ट्या मारा आणि मध्ये केसाएवढीच फट ठेवा. बुटांचे तळवे मात्र लवकर संपतील. आधी फळीला पीयू किंवा मेलामाइन पॉलिशचे दोन हात द्या, कडांना तीन, कारण पाणी कडेतूनच शिरतं. दोन दिवस वाळू द्या. ओल्यावर टेप लावली तर कोपऱ्यांतून उचलली जाते. टेप लावून झाली की कडेवरून स्क्रू ड्रायव्हरची दांडी घासा. पांढरी रेष उमटते, त्या रेषेवर खालून ब्लेड फिरवा.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, वजन सव्वीस किलो. तिच्या बोर्डाचे ट्रक वळतच नाहीत. नट किती सैल करू? – पालक, ठाणे

नट सैल करून हा प्रश्न सुटणार नाही. किंगपिनच्या टोकाचे आटे नटाच्या नायलॉनमधून बाहेर दिसले पाहिजेत. ते आत गेले की नट चालता चालता सुटू शकतो. ट्रकसोबत येणारी बुशिंग मोठ्या माणसाच्या वजनाची, साधारण ९०ए ची असतात. तिच्यासाठी ७८–८० ए ची मऊ जोडी घ्या, बदलायला दहा मिनिटं लागतात. फळीही ९ मिमीची चालेल, मग बोर्ड तिला एकटीला उचलता येईल. हेल्मेटसोबत मनगटाचे पट्टे जरूर घ्या, लहान मुलं पडताना तळहातच आधी टेकवतात.

प्रश्न : पावसात भिजल्यावर एका टोकाचे थर सुटले आहेत. फेकून द्यावा का? – वाचक, रत्नागिरी

सुटलेला भाग बोल्टच्या भोकांपर्यंत पोचला असेल तर फेका. फक्त टोकाला असेल तर ट्रक काढून फळी पंख्याखाली चार-पाच दिवस वाळवा. उन्हात नको, एका बाजूने आखडते. मग फटीत ब्लेडने पॉलिश पेपरचा तुकडा फिरवून जुना डिंक खरवडा, इंजेक्शनच्या सिरिंजने नवा भरा, मेणकागद लावून शिकंजात एक दिवस ठेवा आणि कड पुन्हा रंगवा. वाळताना फळी भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका. आडवी, दोन सारख्या पट्ट्यांवर.